आधी महंत, मग मठ

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुका साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे तो जांब या गावामुळे. १६०८ साली याच गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. आज याच तालुक्याच्या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे 'मॉडेल कॉलेज' आहे. समर्थांनी मठांचे जाळे विणले, पण त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी महंत घडवायचा, त्याला पारखून घ्यायचे आणि मगच त्याला मठावर पाठवायचे. डोमगावला कल्याणस्वामी होते म्हणून डोमगावचा मठ होता. टाकळीला उद्धवस्वामी होते म्हणून टाकळीचा मठ होता. आपल्या विद्यापीठांनी हा क्रम नेमका उलटा केला आहे. येथे आधी इमारत उभी राहते, आणि तिच्यात शिकवणार कोण, हा प्रश्न उद्घाटनानंतर पडतो.

घनसावंगीच्या महाविद्यालयामागील योजना या उलट्या क्रमाचा उत्तम नमुना आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारने उच्च शिक्षणात मागे पडलेले ३७४ जिल्हे निवडले. महाविद्यालयीन वयोगटातील नोंदणीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून, म्हणजे १२.४ टक्क्यांहून कमी, ही निवडीची कसोटी होती. महाराष्ट्रातील बुलढाणा, हिंगोली, गडचिरोली आणि कोकणातील जिल्ह्यांसमवेत जालना त्या यादीत होता. प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श पदवी महाविद्यालय काढायचे ठरले. भांडवली खर्च ८ कोटी रुपये गृहीत धरला गेला आणि त्याचा एक तृतीयांश, म्हणजे कमाल २ कोटी ६७ लाख रुपये, केंद्राने देण्याचे मान्य केले. उरलेला खर्च, जमीन आणि दरवर्षीचा आवर्ती खर्च यांची जबाबदारी राज्याकडे ढकलण्यात आली.

या शेवटच्या वाक्यात सारी मेख आहे. आवर्ती खर्च म्हणजे काय? प्राध्यापकाचे वेतन, प्रयोगशाळेतील रसायने, ग्रंथालयात दरवर्षी येणारी नवी पुस्तके, विजेचे देयक. थोडक्यात, ज्याला शिक्षण म्हणतात ते सारे! भिंतींसाठी दिल्लीहून धनादेश आणि शिक्षकासाठी एकमेकांकडे अंगुलिनिर्देश, अशा पायावर मागास जिल्ह्याचा शैक्षणिक अनुशेष भरून निघेल, असे ज्यांना वाटले त्यांच्या आशावादाला दंडवतच घातला पाहिजे. २०१३ साली राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान आले आणि ही योजना त्यात विलीन झाली. योजनेचे नाव पालटले. वृत्ती मात्र पालटली नाही.

ही वृत्ती केवळ दिल्लीची नाही. विद्यापीठाचा पैसा कोठे खर्च व्हावा हे व्यवस्थापन परिषद ठरवते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने तिच्या हाती मोठे अधिकार दिले आहेत. अशा परिषदांना इमारत का प्रिय असते? इमारतीला कोनशिला असते, निविदा असते, फीत असते. ती एका कार्यकाळात पूर्ण होते आणि अहवालात तिचे छायाचित्र छापता येते. याउलट, पूर्णवेळ प्राध्यापकाचे एक पद म्हणजे तीस वर्षांचे दायित्व. त्यासाठी शासनाची पदमान्यता मिळवावी लागते, मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. मग सोपा मार्ग निघतो : पद रिक्त ठेवायचे आणि तासिका तत्त्वावर कोणीतरी नेमायचे. नेट, सेट, पीएच.डी. झालेला तरुण तासांच्या हिशेबाने मानधन घेतो आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही या विवंचनेत वर्ग घेतो. असा शिक्षक विद्यार्थी घडवील कसा?

इमारतीच्या आकाराने विद्या मोठी होत नाही, याची साक्ष मुंबईतच आहे. १९३३ साली स्थापन झालेली आणि पुढे माटुंग्यात स्थिरावलेली रसायन तंत्रज्ञान संस्था अवघ्या १६ एकरांत नांदते. तेथील प्रा. मनमोहन शर्मा १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते. त्यांचे शिष्य डॉ. रघुनाथ माशेलकर यांनाही १९९८ साली तोच मान लाभला. गुरू आणि शिष्य, दोघेही एकाच लहानशा परिसरातले! याच संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ साली जालन्यात सुरू झाला, ही जिल्ह्याच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट. त्यासाठी शिरसवाडीला सुमारे २०० एकर जमीन मिळाली, याचा आनंद आहेच. परंतु जालन्याने संस्थेकडे मागायचे ते २०० एकरांचे कुंपण नव्हे. माटुंग्याच्या १६ एकरांतील गुरुपरंपरा मागायची.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र पाहा. मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे तुरीचे बीएसएमआर ७३६ आणि लवकर पक्व होणारे बीडीएन ७११ हे वाण तेथील शास्त्रज्ञांच्या वर्षानुवर्षांच्या चिकाटीतून आले आणि मराठवाड्याच्या शिवारात पोहोचले. ते संगमरवरी प्रशासकीय भवनात जन्मले नाहीत.

आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक होते. नालंदेच्या भव्य विहारांचे वर्णन आपण अभिमानाने करतो. पण ह्यूएनत्संगाच्या चरित्रात एक नोंद आहे ती विसरतो. सुमारे शंभर गावांचे उत्पन्न या विद्यापीठाला लावून दिलेले होते आणि त्यातून तेथील आचार्य व विद्यार्थ्यांचा योगक्षेम चाले. म्हणजे राजाने केवळ वास्तू बांधून हात झटकले नाहीत. दररोजच्या अन्नवस्त्राची कायमची तजवीज केली. आजच्या भाषेत सांगायचे तर आवर्ती खर्च आधी सुरक्षित केला.

यावर कोणी म्हणेल, मग इमारती बांधूच नयेत काय? अवश्य बांधाव्यात. मंठा-परतूरच्या खेड्यातील मुलीसाठी सुरक्षित वसतिगृह ही चैन नव्हे. ते नसेल तर तिचे शिक्षण बारावीलाच थांबते. प्रयोगशाळा हवी, ग्रंथालय हवे. आक्षेप बांधकामाला नाही, अग्रक्रमाला आहे. जी वास्तू विद्यार्थ्याला शिक्षणाच्या जवळ आणते ती आधी. जी पदाधिकाऱ्याला छायाचित्राच्या जवळ आणते ती शेवटी.

हा अग्रक्रम बदलणे समाजाच्या हाती आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो आणि अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे १० निर्वाचित प्रतिनिधी असतात. जालन्यातील किती पदवीधर मतदार म्हणून नोंदणी करतात? केलीच, तर मत देताना उमेदवाराला कोणता प्रश्न विचारतात? यापुढे एकच प्रश्न पुरेसा आहे : नव्या इमारतीचा प्रस्ताव आला, तर तिच्यात पूर्णवेळ शिकवणाऱ्यांच्या वेतनाची तरतूद त्याच ठरावात आहे काय? नसेल, तर तो ठराव परत पाठवावा. जांबच्या मातीने तीन शतकांपूर्वी दिलेला धडा घनसावंगीच्या वर्गखोलीत पुन्हा गिरवण्याची वेळ आली आहे.