न वाचता येणारा आदेश हा आदेशच नव्हे

अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधील नियम ३ असे सांगतो की, वरिष्ठाचा निर्देश सर्वसाधारणपणे लेखी असावा. तोंडी देणे अटळ झाले तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने तशी मागणी केल्यास ती पुरी करणे हे वरिष्ठाचे कर्तव्य राहील. आम्हां सनदी अधिकाऱ्यांना हे संरक्षण आहे. वास्तविक आमच्या बहुतेक चुका सुधारायला दुसरा दिवस मिळतो. जिला तो मिळत नाही, त्या रात्रपाळीच्या परिचारिकेला मात्र असे संरक्षण सहसा कोणी देत नाही.

रुग्णालयांच्या तपासणीच्या निमित्ताने मी महाराष्ट्रात आणि बाहेरही पुष्कळ केसपेपर चाळले आहेत. प्रांत बदलतो, दोष तेच राहतात. 'सी.एस.टी.' म्हणजे कालचेच उपचार चालू ठेवा. पण कालच्या पानावरही 'सी.एस.टी.'च असते. चार पाने मागे गेल्यावर औषधांची यादी सापडते, आणि मधल्या काळात तोंडी बंद केलेले अँटिबायोटिक त्यात धरायचे की नाही हे सिस्टरने ठरवायचे. 'एस.ओ.एस.' म्हणजे गरज पडल्यास. किती ताप म्हणजे गरज? दोन मात्रांत अंतर किती? दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा? कागद गप्प असतो.

याहून घातक प्रकार आकड्यांचे. इन्सुलिनच्या १० आकड्यापुढे 'युनिट' हा शब्द न लिहिता 'यू' हे इंग्रजी अक्षर घाईत काढले की ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. ५.० मधले टिंब पुसट उमटले की ५० होतात. त्यातच आपल्याकडे इन्सुलिन प्रति मिलिलिटर ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. 'पोटॅशियम क्लोराइड एक अँप्यूल, शिरेतून' एवढेच लिहिलेले असते. किती सलाइनमध्ये आणि किती वेळात, ते नाही. हे औषध पातळ न करता झपाट्याने दिले तर हृदय थांबू शकते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना आणखी एक गोष्ट सहज पटेल. दिल्लीच्या रुग्णालयात डॉक्टर मराठी, परिचारिका केरळची आणि रुग्ण बिहारचा असू शकतो. तिथे तो केसपेपर हीच सर्वांची सामाईक भाषा असते. तीच दुर्बोध असेल तर विश्वास कशावर ठेवायचा?

नियम नाहीत असे नव्हे. भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये आपल्या विनियमांत दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले. २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येण्याजोगे प्रिस्क्रिप्शन हा अनुच्छेद २१ खालील हक्काचा भाग मानला. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने धोकादायक संक्षेपांची निषिद्ध यादी २००४ मध्येच लागू केली होती. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि त्याहून अधिक, दोष कोणाच्या माथी मारायचा याचा आहे.

अपघात झाला की पहिले वाक्य ऐकू येते, "सिस्टरने विचारायला हवे होते." रात्री दोन वाजता विचारले तर "एवढेही कळत नाही?" हे उत्तर मिळते, तेव्हा न विचारण्याची सवय कोणी लावली? कायद्याचे पारडेही पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कमाल शिक्षा ५ वर्षे आहे. तेच कृत्य नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून उपचारप्रक्रियेत घडल्यास कमाल २ वर्षे. या सवलतीच्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. म्हणजे ज्याने संदिग्ध लिहिले त्याला सवलत, जिने ते वाचले तिला नाही!

डॉक्टरांवर कामाचा भार असह्य आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो भार परिचारिकेवरही आहे, आणि 'युनिट' हा शब्द पुरा लिहायला दोन सेकंद लागतात. संगणक आला की सारे सुटेल, हाही भ्रम आहे. छापील 'सी.एस.टी.' हस्तलिखिताइतकेच मुके असते.

म्हणून प्रत्येक राज्याच्या आरोग्य विभागाने तीन ओळींचे परिपत्रक काढावे. एक, प्रत्येक आदेशावर औषध, मात्रा, मार्ग, वेळ आणि लिहिणाऱ्याचे वाचता येईल असे नाव हवे, 'सी.एस.टी.' बंद. दोन, तोंडी आदेश परिचारिकेने परत वाचून दाखवावा आणि डॉक्टरने ठरलेल्या मुदतीत त्यावर सही करावी. तीन, संदिग्ध आदेश खुलासा होईपर्यंत थांबवण्याचा परिचारिकेला लेखी अधिकार असावा, खुलासा तातडीने देणे डॉक्टरवर बंधनकारक असावे आणि थांबवल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये.

यासाठी नवा निधी लागत नाही, नवी पदे लागत नाहीत. 'कारणे दाखवा' नोटीस निघणारच असेल, तर ती आधी आदेश लिहिणाऱ्याच्या नावे निघावी, एवढेच.