लुटीचा मुखवटा

बेनिन नगरीच्या इगुन गल्लीत आजही पितळ ओतणारे कारागीर प्रवाशांना मोहवितात. परंतु त्यांच्या पूर्वजांची अनेक सर्वोत्तम शिल्पे पाहण्यासाठी नायजेरिया सोडून लंडन गाठावे लागते! १८९७ साली ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला. त्या लुटीतला राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा लागोसच्या १९७७ च्या कला महोत्सवाचे बोधचिन्ह झाला. तो उसना देण्यासही ब्रिटिश म्युझियमने नकार दिला. जर्मनीने २०२२ मध्ये, नेदरलँड्सने २०२५ मध्ये काही शिल्पे परत केली. ब्रिटन मात्र १९६३ च्या आपल्याच कायद्याकडे बोट दाखविते. कायदा करणाऱ्या पार्लमेंटला तो बदलता येत नाही काय? लूट जपून ठेवल्याने ती मालकी ठरत नाही.