शासकीय मजकुरातील लिंगनिर्देशक चिन्हांबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय अर्ज, पत्रके व संकेतस्थळे यांत ♀, ♂ व ⚧ ही चिन्हे युनिकोडप्रमाणे आणि शब्दासह वापरण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शासकीय व निमशासकीय कामांचे मराठी टंकलेखन आणि डीटीपी करतो. मध्यंतरी एका कार्यालयासाठी आरोग्य शिबिराचे नोंदणीपत्रक आम्ही जुळवून दिले होते. त्यात पुरुष, स्त्री, तृतीयपंथी हे शब्द आणि प्रत्येकापुढे चिन्ह होते. कार्यालयाने जागा वाचवायला शब्द उडवले आणि चिन्हे ठेवली. पत्रक छापून आले तेव्हा ♂ आणि ♀ जागेवर होते, तिसऱ्या ठिकाणी नुसता डबा. रांगेतल्या दोन बायकांना वाटले, ही खूण करायची जागा. त्यांनी पेनाने त्यात टिक केली आणि त्यांची नोंद तृतीयपंथी म्हणून झाली.

हा छापखान्याचा दोष नव्हे. ♀ (यू+२६४०) आणि ♂ (यू+२६४२) ही चिन्हे युनिकोडच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून आहेत. ⚧ (यू+२६ए७) आले २००५ साली, ४.१ या आवृत्तीत. अनेक मराठी फाँटांत यांपैकी एकही नसते. संगणक मग ते दुसऱ्या फाँटातून उसने आणतो. जुनी दोन कुठे ना कुठे सापडतात, तिसरे सापडले नाही की डबा येतो. आमच्या पडद्यावर दिसले म्हणून तुमच्या प्रिंटरवर उमटेलच असे नाही.

न दिसणाऱ्या अक्षराचे दुखणे याहून मोठे आहे. मोबाइलवर २०२० पासून आलेला ट्रान्सजेंडर झेंडा हे एक अक्षर नाही. पांढरा झेंडा आणि ⚧ यांना यू+२००डी हा शून्य रुंदीचा जोडक बांधून ठेवतो. हाच जोडक आपण 'र्‍य' लिहायलाही वापरतो. काही प्रणाली अर्ज जतन करताना तो फालतू समजून गाळतात. मग झेंड्याचे दोन तुकडे होतात, आणि 'आचार्‍यांचे मानधन' हे 'आचार्यांचे मानधन' होऊन स्वयंपाक्याला गुरुपद मिळते! ('ऱ' हे वेगळे अक्षर वापरणारे यातून सुटतात, पण सगळ्यांचा कळफलक सारखा नसतो.) म्हणजे हे गाऱ्हाणे एका समाजाचे नाही, मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांचेच आहे.

तेव्हा आमची मुख्य मागणी अशी, की चिन्ह शब्दासोबत यावे, शब्दाऐवजी कधीही नाही. दृष्टिहीनांसाठीची वाचक आज्ञावली पुष्कळदा चिन्हापाशी गप्प बसते किंवा इंग्रजीत बोलते. शब्द असला तर अडत नाही. नोंदवहीतही चिन्ह साठवू नये. त्याऐवजी आकडे वापरायचे तर आयएसओ ५२१८ हे मानक डोळे झाकून उचलू नये. त्यात १ पुरुष, २ स्त्री, ० माहीत नाही आणि ९ लागू नाही, एवढेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ज्यांची ओळख मान्य केली, त्यांना 'लागू नाही'च्या खणात टाकणे आम्हाला लाजिरवाणे वाटते. त्यांच्यासाठी स्वतंत्र संकेतांक ठरवावा.

शासकीय कामासाठी सुचवल्या जाणाऱ्या मराठी फाँटांत ⚧ सह तिन्ही चिन्हे असावीत आणि पीडीएफ करताना फाँट आतच बसवण्याची सक्ती असावी. यू+२००डी गाळणाऱ्या प्रणाली दुरुस्त कराव्यात. चाचणीला 'आचार्‍यांचे' हा एक शब्द पुरेल. काही मोबाइलवर ही चिन्हे रंगीत चौकटीत दिसतात. तिथे साधे रूप हवे असल्यास पुढे यू+एफई०ई लावण्याची सूचना टंकलेखकांना लेखी मिळावी, म्हणजे आम्हाला दर वेळी वाद घालावा लागणार नाही.

आपले विश्वासू,
(सह्या)

सोबत : वर उल्लेखिलेल्या पत्रकाची एक प्रत, नाव झाकून, डब्यातल्या खुणेसह.