भीतीच्या आडोशाने
मुलुंडला २००३ साली आणि जोगेश्वरी, बोरिवलीला २००६ साली लोकलगाड्यांत झालेले स्फोट ज्यांनी अनुभवले, त्या उपनगरवासीयांची भीती खोटी नव्हे. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महिन्याच्या आत संसदेने, लोकसभेत तर चर्चेविनाच, माहिती तंत्रज्ञान कायद्यात जी दुरुस्ती संमत केली, ती दहशतवादापुरती राहिली नाही. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यास सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेचे कारण लागते. लाचखोरीच्या एका प्रकरणात ते नव्हते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली तसे आदेश रद्द केले. संगणकावरील पत्रव्यवहार वाचण्यास मात्र कलम ६९ प्रमाणे कोणत्याही गुन्ह्याचा तपास पुरेसा ठरतो. आदेश देणार सचिव आणि त्याची छाननी करणार तीही सचिवांचीच समिती! न्यायाधीशाला तेथे जागा नाही. अंधेरीच्या कारकुनाचा खासगी मजकूर कोणी वाचलाच, तर ते त्याला मागाहून कळविण्याचीही तरतूद नाही.