आकडे आखडा, पण पायरी आपली ठेवा

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या टापूत केळी आणि उसाचं गणित उजनी धरणाच्या फुगवट्यावर चालतं, आणि ते पाणी टीएमसीत मोजलं जातं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढे आकडे रोज कोण उच्चारणार? आखूड रूप हवंच. पण ते कसं असावं हे आता संकेतस्थळं आणि अ‍ॅप बनवणारे ठरवतात, आणि त्यांच्याकडे बहुधा एकच तयार तोडगा असतो : संख्येला हजाराने भागत जायचं आणि पुढे के, एम, बी चिकटवायचं. ‘अनुदान २.५ एम’ वाचून रक्कम डोक्यात उमटत नाही. पंचवीस लाख म्हटलं की लगेच उमटते. घाईत लिहिलेला कोड तर पायरी आधी ठरवतो आणि आकडा नंतर पूर्णांकित करतो, म्हणून ९,९९,९९९ चे ‘१०००.० के’ होतात.

जगभर हेच चालतं आणि मोबाइलवर जागा कमी असते, असं यावर म्हणतात. पण जावास्क्रिप्टच्या ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला भाषा मराठी आणि मांडणी ‘कॉम्पॅक्ट’ सांगितली, की लाख-कोटी आपोआप येतात. काम एका ओळीचं आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. टीएमसी तरी कुठे मराठी आहे? तरीही धरणाकाठी ते सहज बोललं जातं. खरं आहे, पण ते रुळलं कारण त्याची पायरी हलत नाही. उजनीत असो वा कोयनेत, टीएमसी तेवढाच. उलट एकाच तक्त्यात ‘९५० के’खाली ‘१.२ एम’ आलं, की नजरेला वरचा आकडा मोठा वाटतो. म्हणून तुलनेच्या तक्त्यात सगळे आकडे लाखांत द्यावेत किंवा सगळे कोटींत, सरमिसळ नको.

आणि आखडणं फक्त दाखवण्यापुरतं असावं, साठवलेली संख्या पूर्णच राहावी. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. तो ५४ लिहिला तर बाराशे कोटी लिटरहून जास्त पाणी नुसतं कागदावर वाढतं. टक्केवारीचंही तसंच. ती उपयुक्त साठ्यावर काढतात आणि तो संपून पाणी त्याखालच्या मृतसाठ्यात उतरलं की उणे होते, त्यामुळे ‘उणे ५० टक्के’ असतानाही कागदोपत्री मृतसाठ्यात सुमारे ३७ टीएमसी पाणी उरलेलं असतं. अशा आकड्यावर बोट ठेवताच मूळ साठा टीएमसीत दिसेल, एवढी सोय तरी अ‍ॅपमध्ये हवी.