फरक फक्त पॉइंट टूचा!

बाबांची रॅले माळ्यावरून उतरली, रंगही झक्कास झाला आणि मी सीट पिलर घ्यायला गेले. 'सगळे सेमच असतात मॅडम,' दुकानदार म्हणाला. सॉरी बॉस, नसतात! या दांड्याची जाडी चक्क ०.२ मिलिमीटरच्या फरकाने बदलते: २६.४, २६.६, २६.८... साध्या सायकलींना बऱ्याचदा २५.४, म्हणजे बरोब्बर एक इंच (माझ्या रॅलेत हाच बसला). पातळ नळीच्या भारी स्टील फ्रेमला बहुधा २७.२.

जुन्या पिलरवर कोरलेला आकडा बघा, पण डोळे मिटून विश्वास नको. मधल्या एखाद्या मेकॅनिकने काय ठोकून बसवलंय, कुणास ठाऊक! फ्रेमचं तोंडही वर्षानुवर्षं आवळून चिमटलेलं असतं, तिथे व्हर्निअरही फसवतो. तोंड आधी सरळ करून घ्या, मग दोन-तीन पिलर घालून बघा. न ठोकता, हाताने आत सरकणारा सर्वांत जाड पिलर आपला.

बोल्ट आवळल्यावर फ्रेमच्या चिरेच्या कडा समांतर राहायला हव्यात. वरच्या बाजूला टेकल्या तर पिलर बारीक आहे. मग उड्डाणपुलाच्या चढावर सीट खाली आणि गुडघे हनुवटीला! जाड ठोकलात, तर फ्रेमच तडकायची. आणि हो, ग्रीस लावूनच घाला. अॅल्युमिनियमचा पिलर स्टीलमध्ये एकदा जाम झाला, की काढताना घाम फुटतो.