भूल देण्याआधीची हृदयतपासणी 'ऑप्शनल' ठेवू नका



आमच्या बॅचमध्ये एक पशुवैद्यक डॉक्टर आहेत. छोटं क्लिनिक, दोन माणसांचा स्टाफ. त्यांच्याकडे एक पर्शियन बोका नसबंदीसाठी आला. फॉर्मवर एक ओळ होती, 'हृदयतपासणी : ऑप्शनल, जादा चार्ज'. मालकीणबाईंनी विचारलं, "गरज आहे का?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तुमच्यावर आहे, मॅडम." त्यांनी 'नको'वर खूण केली. ऑपरेशन नीट झालं. रात्री बोक्याला धाप लागली. दुसरीकडे नेऊन टू-डी इको केला, तेव्हा हृदयाचा स्नायू जाड झालेला दिसला. पहाटे बोका गेला. बाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, मला यातलं काय कळतं? तुम्ही मला का विचारलंत?"

माझं मत स्पष्ट आहे. जो निर्णय घ्यायचं ज्ञान ग्राहकाकडे नाही, तो त्याच्या गळ्यात टाकून आपण मोकळं व्हायचं नाही.

आता आकडे बघा. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भुलीशी संबंधित मृत्यू निरोगी कुत्र्यांमध्ये साधारण 1,850 मध्ये 1 आणि निरोगी मांजरांमध्ये 900 मध्ये 1 होते. आजारी जनावरांमध्ये हेच प्रमाण 70-75 मध्ये 1 इतकं निघालं. म्हणजे समोरचं जनावर कुठल्या गटातलं आहे, हे भूल देण्याआधी कळणं हाच खरा मुद्दा.

मांजरांमध्ये तेच अवघड असतं. लंडनमध्ये वरून ठणठणीत दिसणाऱ्या 780 मांजरांचा इको केला, तर सुमारे 15 टक्क्यांमध्ये हृदयाचा स्नायू जाड निघाला. हा अभ्यास 2015 चा. अशा मांजराच्या ठोक्यांत कधीकधी काहीच वेगळं ऐकू येत नाही. उलट, आवाज येतो पण आजार नसतो, असंही होतं. आणि लक्षात ठेवा, सीबीसी, किडनी, लिव्हरच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये हृदयाचा आजार दिसत नाही. "ब्लड टेस्ट केलीय ना" म्हणून ग्राहक निर्धास्त असतो, ते उगीच.

मग सगळ्यांचा इको करायचा का? नाही. भीती दाखवून टेस्ट विकणं हाही चुकीचाच धंदा. डॉक्टरांनी आधीच नियम लिहून ठेवावा :

1. स्टेथोस्कोपने तपासणी आणि चार प्रश्न सगळ्यांना : खोकला, चक्कर, लवकर दमणं, झोपेत मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास. हे मूळ पॅकेजमध्येच.
2. मांजरांसाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी. याचं किट मिळतं आणि क्लिनिकमध्येच काही मिनिटांत निकाल येतो. सौम्य आजार यातून सुटू शकतो, पण धोक्याची घंटा म्हणून ती उपयोगी आहे.
3. ठोक्यांत आवाज आला, टेस्ट बिघडलेली आली किंवा डॉबरमन, मेन कूनसारखी जात असेल, तर इको. मशीन घ्यायची गरज नाही, इको करणाऱ्या तज्ज्ञाशी टाय-अप करा.

दोष सापडला म्हणजे ऑपरेशन रद्दच, असं नसतं. भुलीची औषधं बदलता येतात, सलाईन बेतानं देता येतं, नंतर जास्त वेळ लक्ष ठेवता येतं. तातडीचं नसेल तर पुढे ढकलता येतं.

"सर, रेट वाढला तर गिऱ्हाईक शेजारच्या क्लिनिकमध्ये जाईल." काही जातील, खोटं कशाला बोलू? पण नसबंदीचे 5,000 आणि वर तपासणीचे 1,000 असं लिहिलं की ग्राहक 1,000 वाचवायला बघतो. 'तपासणीसह नसबंदी 6,000' लिहिलं की तो विचारतो, "तपासणीत काय काय बघता?" तिथे तुम्हाला बोलायची संधी मिळते. ज्याला खरंच परवडत नाही, त्याला डॉक्टरांनी समोर बसवून धोका समजावून सांगावा. ते काम काउंटरवरच्या मुलाचं नाही.

पेट ग्रूमिंग सुरू करणाऱ्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे. गुंता झालेले केस कापायला गुंगीचं इंजेक्शन लागणार असेल, तर ते फक्त पशुवैद्यकाच्या हातून आणि तपासणीनंतरच.

आमच्या डॉक्टरांनी फॉर्मवरची ती ओळ काढून टाकली. तुमचा धंदा कुठलाही असो, आज तुमचं रेटकार्ड काढा. 'ऑप्शनल' खाली असं काय लिहिलंय, जे तुम्ही स्वतःच्या घरच्यांसाठी कधीच टाळलं नसतं?

भेटू पुढच्या व्हिडिओत.